साखरेच्या पेटीतली माशी

क्लीथॉर्प्स,
९ मार्च १८८१

प्रिय सेलिना,

अक्षर ओळखायचा प्रयत्न करू नकोस, ओळखता येणार नाही. तू मला ओळखत होतीस तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली मारायची मी. 'प्रिय' लिहिताना टाक दोनदा थांबला, हेही सांगून टाकते. पण पत्राची सुरुवात तशीच करायची असते असं मला शिकवलंय, आणि शिकवलेलं मी मोडत नाही. मी टॅबिथा डाऊस. ऑल्डरबीच्या बाजारचौकात बियाण्याचे व्यापारी पिंचबेक यांच्या विधवेकडे आपण दोघी मोलकरणी होतो. माळ्यावरच्या एकाच पलंगावर तू भिंतीकडे झोपायचीस आणि गार वारा लागणाऱ्या खिडकीच्या बाजूला मी. आता आठवलं असेल. पत्र खाली ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच. तुझ्या कामाचं आहे.

तुझ्या सगळ्या बातम्या मला आहेत. तुझे यजमान मिस्टर मार्फ्लीट नाताळच्या आधी छातीच्या दुखण्याने गेले. त्यांनी किराण्याचं दुकान आणि वरचं घर पुतण्याच्या नावे करून ठेवलं होतं आणि ते तुला त्यांना पुरून आल्यावर कळलं. पुतण्याच्या बायकोने पंचवीस मार्चपर्यंत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्यात. पोटी मूल नाही, एकुलता भाऊ कॅनडात, आणि तो पत्रांना उत्तर देत नाही. म्हणजे त्या तारखेच्या आत कुठेतरी राहून-खाऊन नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर सरकारी गरीबघर. तिथला राखाडी झगा अंगावर चढवून, बाजारच्या दिवशी सगळ्या गावादेखत रांगेने चर्चला जायचं. गावात जिच्या टोपीवरच्या फिती बघून बायका आपल्या फिती बदलायच्या, त्या मिसेस मार्फ्लीटला ते कसं जमेल? हे सगळं मला कुणी सांगितलं म्हणून चक्रावली असशील. सांगते, पण शेवटी. माझं ऐकून घ्यायला तेवीस वर्षं तुला सवड झाली नाही, आज थोडी काढ.

मालकीणबाई आठवतात ना? कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चालल्या की मेंढीच्या गळ्यातल्या घंटेसारखा वाजायचा. चहाच्या डब्याला कुलूप, मेणबत्त्यांच्या कपाटाला कुलूप, आणि त्या शिसवी साखरेच्या पेटीला तर पितळी कुलूप. आपण वापरलेली चहापत्ती वाळवून पुन्हा उकळून प्यायचो, आणि त्या दिवाणखान्यात मैत्रिणींना सांगायच्या, "माझ्याकडच्या पोरी चहा पितात हो, पाणी नाही!" नुसत्या कुलपावर त्यांचा विश्वास नव्हता. चर्चच्या रेक्टरसाहेबांच्या बहिणीने, मिस थॉरल्डने, त्यांना एक युक्ती शिकवली होती. गावातल्या पाच-सहा घरांत तीच चालायची. खिडकीवरची जिवंत माशी पेल्याखाली पकडायची, साखरेच्या पेटीत सोडायची आणि झाकण लावून कुलूप घालायचं. पुढच्या वेळी उघडताना माशी आत असली तर साखर सुखरूप. नसली तर कुणीतरी झाकण उचललं. ती माशी फिरलेली साखर बाई स्वतः घेत नसत, पाहुण्यांना घालत. मिस थॉरल्ड चहा पिताना मला हसू आवरायचं नाही आणि तू मागून चिमटा काढायचीस.

तू त्या घरात माझ्याआधी वर्षभर आलेली, त्यामुळे पेटीचं गुपित तुला ठाऊक होतं. कुलपाला हात लावायचाच नाही. मागच्या बिजागरीतली खीळ केसांच्या पिनेने बाहेर ढकलायची, की झाकण मागून उघडतं. माशी उडून जायची, त्यावर तुझा उपाय होता. नवी माशी. "टॅबे, तुझे हात चपळ आहेत गं, माझ्यासारखे बोजड नाहीत. एक पकडून दे ना!" मला माझ्या हातांचं कौतुक कुणी आधी केलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी माशा पकडायची आणि तुला द्यायची. रविवारी दुपारी बाई जेवून आरामखुर्चीत घोरायला लागल्या की आपण माळ्यावर जायचो. तू रुमालाची गाठ सोडायचीस आणि साखरेचा एक खडा मला, एक तुला. तो न चावता नुसता गालात धरायचा, कोण जास्त वेळ टिकवतं ते बघायचं. मीही खाल्ली साखर. खोटं कशाला लिहू? माझ्या घरी आम्ही सणासुदीला काकवी बघायचो, साखर नाही. पण मला साखरेपेक्षा तूच जास्त गोड लागायचीस, वेडी होते मी. तुझे केस विंचरून द्यायची, तुझ्या वाटणीच्या जिन्याच्या पायऱ्या घासायची. तुला थंडी वाजते म्हणून आईने विणलेली माझी शाल तुझ्या पायांवर घालायची. माझा जीव होता तुझ्यावर. हे तुला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगताना माझीच मला चीड येते.

बाईंना संशय आला तो साखर कमी झाली म्हणून नाही. माशा फार तरतरीत निघू लागल्या म्हणून. आठवडाभर कोंडलेली माशी मरगळलेली हवी, आणि त्यांनी झाकण उघडलं की ही भुर्रकन उडून झुंबरावर. म्हणून सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी त्यांनी काय केलं, तर माशीचा एक पंख उपटला आणि मग तिला आत टाकलं. आपल्याला कुठे ठाऊक? तू नेहमीसारखी बुधवारी खीळ काढलीस, आत बघितलं नाहीस, मी दिलेली धडधाकट माशी सोडून दिलीस. ती एका पंखाची बिचारी साखरेच्या खाली कुठेतरी बसली असेल. गुरुवारी मिस थॉरल्ड चहाला आल्या. मी भाजलेल्या पावाची ताटली घेऊन उभी. बाईंनी झाकण उचललं, माशी उडाली आणि बाईंनी अशी किंकाळी मारली की माझ्या हातातून लोणी सांडलं. "माझ्या माशीला एकच पंख होता! दुसरा काय रातोरात उगवला?" मिस थॉरल्ड म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" आणि दोघी इतक्या खूश दिसल्या, जणू लॉटरी लागली.

मग हुकूम सुटला, दोघींच्या कपड्यांच्या पेट्या खाली आणा. प्रत्येक मोलकरणीची पेटी म्हणजे तिचं सगळं जग, हे तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या पेटीला चांगलं कुलूप होतं. माझी बाबांची जुनी शेतावरची पेटी, तिला सुतळी बांधलेली. मी लोणी पुसत गुडघ्यांवर बसले होते. तू म्हणालीस, "तू राहू दे टॅबे, मी आणते दोन्ही." केवढं बरं वाटलं मला, की हिला माझी काळजी. तू वर गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. खाली आणल्यावर तुझ्या पेटीत कपडे, बायबल, आरशाचा तुकडा. माझ्या पेटीत माझे कपडे आणि आईने विणलेल्या लोकरीच्या मोज्यात मूठभर साखर. मी तुझ्याकडे बघितलं. तू छताकडे बघत होतीस. सेलिना, त्या क्षणी मला वाटलं की तू घाबरून केलंस, आता बोलशील, आता तोंड उघडशील. मी वाट बघत राहिले. कॉन्स्टेबल येईपर्यंत वाट बघत होते.

कोर्ट बाजारच्या दिवशी भरलं, कारण मॅजिस्ट्रेटसाहेबांना घोडा विकायचा होता आणि एका फेरीत दोन कामं व्हायची होती. सात मैल चालत आई आली. तिची ती रविवारची काळी टोपी. आई लोकांचं धुणं धुवायची, तिने आधी मालकीणबाईंना हात जोडून सांगितलं, "बाई, वर्षभर तुमच्या चादरी फुकट धुते, पोरीला सोडा." बाईंनी टोपीची गाठ नीट केली आणि तोंड फिरवलं. मग तू साक्षीला उभी राहिलीस. काय गं ते सोज्वळ तोंड! म्हणालीस, "साहेब, मी तिला स्वयंपाकघराच्या खिडकीत माशा पकडताना कितीदा बघितलंय." साहेबांनी मला विचारलं, पकडत होतीस का? मी हो म्हटलं, कारण खरं होतं. कशासाठी, विचारलं. तेव्हा तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. साहेब म्हणाले, "माशा पकडणारी मोलकरीण! मिसेस पिंचबेक, तुम्ही त्यापेक्षा बेडूक पाळा, पगार तरी द्यावा लागणार नाही." सगळं कोर्ट हसलं. तूही हसलीस. मी पाहिलं.

आणि मग साहेबांनी तो मोजा वर धरला आणि विचारलं, हा कुणाचा? आई मागच्या बाकावरून उठली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. तिला वाटलं, ओळख पटवली की आपला मोजा तरी परत मिळेल. म्हणाली, "माझ्याच हातचा आहे साहेब. टाचेला दुहेरी धागा मी एकटीच घालते या भागात." असं अभिमानाने म्हणाली गं ती. मोजा माझाच, हे आता माझ्या आईनेच शपथेशिवाय सांगितलं होतं, मग अजून कसला पुरावा हवा? सहा आठवडे सक्तमजुरी. आईला कळलंच नाही आपण काय बोललो ते. बाहेर आल्यावर कुणीतरी तिला समजावून सांगितलं. ज्याने सांगितलं त्याचं तळपट होवो.

तुरुंगात डांबर लागलेले जुने दोर उसवायचे. नखं सोलून निघतात, मग बोटं, मग तिथे कातडं येतं. ते सोसलं मी. पण बाहेर आले तेव्हा कळलं की शिक्षा तर आता सुरू होते. मालकिणीच्या सहीचा चारित्र्याचा दाखला नाही, तर कुणी दार उघडून आतही घेत नाही. नोकर निवडायच्या मेळ्यात मजूर आणि मोलकरणी रांगेने उभ्या राहतात ना, तिथे दोन हंगाम मी उभी राहिले, हातात केरसुणी घेऊन. लोक माझ्या दातांकडे, हातांकडे बघायचे, दाखला मागायचे, आणि पुढे सरकायचे. आणि आईचं काय झालं ते तुला ठाऊक नसेल. तुला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं. चोरट्या पोरीच्या आईकडे धुवायला चादरी कोण देईल? एकेक घर तुटलं. रेक्टरसाहेबांनी नाताळात वाटायच्या कोळशाच्या यादीतून तिचं नाव काढलं. दुसऱ्या हिवाळ्यात ती गरीबघरात गेली आणि फेब्रुवारीत तिथेच मेली. तुझं लग्न त्याच वसंतात झालं. मिस्टर मार्फ्लीटच्या दुकानावर सोनेरी अक्षरं रंगवली होती म्हणे. सेलिना, तू केसाने गळा कापलास, आणि तोही माझा एकटीचा नाही.

मी ग्रिम्सबीच्या गोदीत हेरिंग मासे चिरायला गेले. माशांना दाखला लागत नाही. नऊ वर्षं मीठ आणि खवले. मग जेबेझ कोलबेकने मला पाहिलं. त्याची खाणावळ होती, एक डोळा अधू होता, आणि माणूस एवढा सरळ की मी तुरुंगाची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "साखर चांगली होती का तरी?" मी आधी रडले, मग हसले. त्यानेच मला मासळीच्या पेट्यांवरची अक्षरं दाखवून वाचायला शिकवलं. आगगाडीने क्लीथॉर्प्सला माणसांची रीघ लागली तेव्हा आम्ही इथे समुद्राकडे तोंड असलेलं घर घेतलं, त्याचं हॉटेल केलं. तो जाऊन चार वर्षं झाली. आता माझ्याकडे बावीस खोल्या आहेत, सहा मोलकरणी आहेत. माझ्या घरात साखरेला कुलूप नाही. त्यांनी खाल्ली तर खाल्ली. हे मी चांगुलपणा मिरवायला लिहीत नाही. मी चांगली बाई नाही. जेबेझ असता तर हे पत्र लिहू दिलं नसतं. म्हणाला असता, "जाऊ दे गं टॅबी." पण तो नाही, आणि मला जाऊ द्यायचं नाही. तुला कधीतरी हे सगळं ऐकवायचं, या एका इच्छेवर मी हेरिंगच्या पिंपांपाशी उभी राहिले आहे. देवाकडे प्रार्थना करताना आईनंतर तुझं नाव घेत आले, आणि तुझ्यासाठी जे मागितलं ते बायबलात बसणारं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. फेब्रुवारीच्या शेवटी मी लिंकनच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती, समुद्रकाठच्या हॉटेलावर देखरेखीसाठी अनुभवी बाई पाहिजे, राहण्याजेवण्याची सोय, दाखला जोडावा. खाली मिसेस जे. कोलबेक. सात अर्ज आले, तिसरा तुझा. तुझी सगळी हकिकत तूच मला लिहून कळवलीस, पुतण्या, कॅनडा, पंचवीस तारीख, सगळं. 'आदरणीय बाईसाहेब' म्हणून. खरं सांगते, पहिलं पान वाचून माझं मन द्रवलं. वाटलं, ठेवून घ्यावं हिला, कोपऱ्यातली उबेची खोली द्यावी आणि एक दिवस चहा पिताना मी कोण ते सांगावं. मग मी पान उलटलं. तिथे तू आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून लिहिलं होतंस, "माझ्याच दक्षतेमुळे त्या घरातली एक चोरटी मोलकरीण पकडली जाऊन तिला शासन झाले, याचा उल्लेख मालकीणबाईंनी सोबतच्या दाखल्यात मुद्दाम केला आहे." सेलिना, तेवीस वर्षांत तुला लाज वाटली नाही ती नाहीच, तू तर ते छातीवर मिरवतेस. तीन दिवस मी तो कागद एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. तुझा अर्ज, लग्नाचा दाखला आणि रेक्टरसाहेबांचं शिफारसपत्र या पत्रासोबत परत पाठवते आहे, नीट मोजून घे. ती जागा मी दुसऱ्या बाईला दिली. मिसेस पिंचबेकच्या सहीचा तुझा चारित्र्याचा दाखला मात्र पाकिटात सापडणार नाही. त्यांना वारूनही अकरा वर्षं झाली, तेव्हा दुसरा कुणी लिहून देणार नाही. तो मी आज सकाळी स्वयंपाकघरातल्या चुलीत घातला. कागद चांगला जाड होता, पेट घ्यायला वेळ लागला, आणि तो पूर्ण जळेपर्यंत मी तिथून हलले नाही.

तुझीच,
टॅबिथा